शाळेत लोगो शिकवायला सुरुवात कशी करावी

लोगो ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा 1967 साली वॉली फ्युरझीग, सेमूर पपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांच्या शिक्षणासाठी तयार केली. शाळेला ती सुचवताना हा इतिहास शेवटी सांगा. 'जुनी भाषा' एवढं ऐकूनच अनेकांचा रस संपतो.

आधी गणिताच्या शिक्षकांना गाठा. संगणकाच्या शिक्षकांमागे ठरलेला अभ्यासक्रम असतो. कोन शिकवणाऱ्यांना मात्र असं काहीतरी हवंच असतं. त्यांच्याकडून एक तास मागून घ्या. एकच.

लोगो मोफत मिळते, जुन्या संगणकावरही चालते. तरी आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर उघडून पाहा. दोन मुलांत एक संगणक दिलेला बरा: एक टाइप करतो, दुसरा शंका काढतो.

तासाला भाषण नको. पडद्यावरचं कासव, म्हणजे आज्ञेप्रमाणे सरकत रेघ काढणारी खूण, दाखवा, 'फॉरवर्ड 100' (100 पावलं पुढे) आणि 'राइट 90' (90 अंश उजवीकडे वळ) या दोन आज्ञा द्या आणि चौरस काढायला सांगा. तेच तेच टाइप करून मुलं वैतागली की मग त्याच आज्ञा चार वेळा करायला लावणारं 'रिपीट 4' दाखवा, त्याआधी नाही.

आता समभुज त्रिकोण. त्याचा कोन 60 अंशांचा, म्हणून बहुतेक मुलं 'रिपीट 3 [फॉरवर्ड 100 राइट 60]' लिहितात आणि आकृती उघडीच राहते, अर्ध्या षटकोनासारखी. इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. एकाला उठवून जमिनीवर तोच त्रिकोण चालायला लावा. कोपऱ्यावर आपण आतल्या नव्हे, बाहेरच्या कोनातून वळतो, म्हणजे 120 अंश, हे चालताना चटकन कळतं. फेरी पुरी करून मूळ दिशेला तोंड आलं की वळणांची बेरीज 360. मग पंचकोनाचे 72 मुलं आपणच काढतात. पाच वेळा 144 वळलं तर चांदणी उमटते. तिथे बेरीज 720 का, हा गृहपाठ.

मुख्याध्यापकांना याच तासाला बोलवा. "याचा पुढे उपयोग काय?" हे ते विचारणारच. लोगो येते म्हणून कुणी नोकरी देणार नाही, हे सरळ सांगून टाका. पण पायथॉन या दुसऱ्या संगणक-भाषेसोबत टर्टल (कासव) नावाचं मोड्यूल, म्हणजे तयार आज्ञांचा संच, येतं आणि त्यातही फॉरवर्ड, राइट हेच असतं, तेव्हा पुढची पायरी सोपी जाते.

आणखी तास मिळाले तर 'टू' (इंग्रजी to) हा शब्द वापरून नवी आज्ञा बनवायला शिकवा. 'चौरस' एकदा तयार झाला की 'रिपीट 36 [चौरस राइट 10]' एवढ्यात फूल उमलतं. पालकसभेच्या दिवशी ही चित्रं भिंतीवर लावा, आणि प्रत्येकाखाली ती काढणारी ओळही लिहा.