बीओ मोटरची वॅगन आणि हॉलमधला ओरेगॉन ट्रेल

पहिली-दुसरीच्या पोरांना १८४० च्या दशकातला ओरेगॉन ट्रेल (अमेरिकेत पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या लोकांची वाट) नुसता वाचून दाखवला तर ती पाच मिनिटांत पळतात, त्यापेक्षा वॅगनच, म्हणजे त्यांची कापडी छताची बैलगाडी, बनवा. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून दोन बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअरवाल्या मोटर), चाकं, चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि स्विच आणा, बाकी पुठ्ठ्याचा खोका, कमानीला झाडूच्या काड्या, वर जुन्या ओढणीचा तुकडा. मोटर मागे, पुढे बाटलीची झाकणं. गाडी जागच्या जागी गोल फिरली तर एका मोटरच्या वायरी उलट्या करा, बास.

आता हॉलमध्ये सात फरश्या मोजा. एका टोकाला मिसुरीतलं इंडिपेन्डन्स, दुसऱ्याला ओरेगॉन सिटी, साधारण ३,५०० किमी, म्हणजे एक फरशी ५०० किमी. वॅगन दिवसाला २०-२५ किमी जायची, त्यामुळे एका फरशीला तीन-चार आठवडे! आणि बहुतेक लोक आत बसायचे नाहीत, बैलांच्या बाजूनं चालायचे, पालखीबरोबर चालणारे वारकरी बघितलेल्या पुण्याच्या पोरांना हे लगेच कळतं.

खरी मजा वजनाची. खोक्यात तांदळाच्या पुड्या टाकत जा, गाडी रडायला लागली की विचारा, काय फेकायचं, कपाट का पीठ? लोक खरंच जड सामान वाटेत टाकून द्यायचे.

मधल्या फरश्यांवर पॉनी, लकोटा, शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या काढाच, जमीन रिकामी नव्हती. नदीला निळा चार्टपेपर घ्या, कापड चाकात गुंडाळतं.