इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेऊन मेळघाटात मुक्काम: चार्जिंगचे गणित कसे जमवावे

तंबू, गाद्या, पाण्याच्या कॅन आणि पाच-सहा दिवसांचा शिधा घेऊन जायला छोट्या हत्तीइतकी, म्हणजे टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाडीइतकी, सोयीची गाडी नाही. ती इलेक्ट्रिक असली तर रोजचा खर्चही कमी. अडचण एकच. मेळघाटाच्या पायथ्याचे परतवाडा सोडले की चार्जिंग स्टेशनच्या भरवशावर राहता येत नाही. मेळघाट असो की गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढचे भामरागड, तिथे गाडी चार्ज होते ती गावातल्या लाईनवर, रात्रभर, हळूहळू. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना आधी सॉकेट शोधावे आणि मग झाडाची सावली. वीज सोबत नेण्याच्या खटाटोपापेक्षा गावातली वीज सुरक्षितपणे घेता येईल असे सामान सोबत असणे जास्त कामाचे.

आधी युनिटचा हिशेब

घरच्या मीटरवरचे युनिट आणि बॅटरीचा किलोवॅट-तास ही एकच गोष्ट, त्यामुळे सगळा हिशेब युनिटमध्ये करावा. टाटा एस इव्हीच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी २१.३ युनिटची आहे आणि कंपनीने सांगितलेला पल्ला १५४ किमी. सामान, माणसे, खराब रस्ता आणि ऊन धरले तर किलोमीटरला ०.२ युनिट पकडावे. म्हणजे भरल्या बॅटरीत शंभर-सव्वाशे किमीपेक्षा जास्तीची आशा ठेवू नये.

घाटाचा खर्च वेगळा धरावा लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना सुमारे ७०० मीटर चढ आहे. सामानासह १८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला निव्वळ ३.४ युनिट लागतात, मोटरमधली घट धरून ४. आता अमरावतीहून निघालो असे समजा. परतवाड्यापर्यंत सुमारे ५० किमीला १० युनिट, पुढच्या साधारण ३० किमीला ६, वर घाटाचे ४. एकूण २० युनिट. २१.३ च्या बॅटरीत हे बसते, पण कागदावरच. वाटेत एक वळसा पडला किंवा चिखल लागला की गाडी घाटात उभी. म्हणून परतवाड्यात निदान तीन-चार तास चार्जिंग करूनच घाट चढावा. ३.३ किलोवॅटच्या चार्जरने तासाला बॅटरीत साधारण तीन युनिट पडतात.

उतरताना घाट चढायला लागलेल्या विजेतली साधारण निम्मी वीज ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येते, पण बॅटरीत जागा असेल तरच. वर शंभर टक्के भरून उतरायला सुरुवात केली तर ती वीज घ्यायला जागाच नसते. मोटर गाडी आवरत नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. सामान भरलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तापणे धोक्याचे. वरून निघताना ८५-९० टक्क्यांवर थांबावे.

निघण्याच्या आदल्या रात्री मात्र घरी शंभर टक्के चार्ज करावे. अशा बहुतेक गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे महिनाभर पूर्ण न भरलेल्या गाडीचा टक्केवारीचा काटा चुकत जातो. पूर्ण भरल्यावर तो पुन्हा जागेवर येतो.

सोबत काय घ्यावे

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे अँपिअर कमी-जास्त करता येणारा पोर्टेबल चार्जर, ६, ८, १०, १३ आणि १६ अँपिअरच्या टप्प्यांचा. गाडीसोबत मिळणारा चार्जर बऱ्याचदा एकाच अँपिअरवर चालतो आणि गावच्या लाईनवर तिथेच अडतो. वेगळा घेताना तो आपल्या गाडीच्या चार्जिंग पोर्टला चालतो याची खात्री करावी.

वायर तांब्याची, तीन कोरची, ४ चौरस मिमीची, ३० मीटर. बाजारातले एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक १ चौरस मिमीचे असतात. ३० मीटरच्या तशा वायरीतून १५ अँपिअर सहा तास नेले तर १६-१७ व्होल्ट वायरीतच गळतात आणि अडीचशे वॅटची उष्णता वायरीत साठते. ४ चौरस मिमीत हीच गळती चार-साडेचार व्होल्टवर येते. वायर कधीही गुंडाळीत ठेवून वापरू नये. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळते. पूर्ण उलगडावी, आणि बैल-म्हशी फिरतात तिथे धुऱ्यावरच्या खुंटांवरून उंच न्यावी.

एका छोट्या प्लास्टिक पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच), २० अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच), सिंगल फेज सब-मीटर आणि १६ अँपिअरचे सॉकेट वायरमनकडून बसवून घ्यावे. खेड्यातल्या बहुतेक घरांत आरसीसीबी नसते. आपली पेटी असली की शॉक लागण्याचा धोकाही आवरतो आणि यजमानाला किती युनिट झाले हेही दाखवता येते. याशिवाय मल्टिमीटर, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, रबरी हातमोजे आणि १२ व्होल्टची जंप वायर.

गावात कुठे विचारावे

पाहुणचार म्हणून लोक घरातले सॉकेट लगेच देतात. पण घराची वायरिंग दोन पंखे, टीव्ही आणि कूलरसाठी केलेली असते, मंजूर भारही बहुधा तेवढाच. त्यापेक्षा पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान गाठावे. तिथे जाड वायर असते, अर्थिंग केलेले असते आणि रात्री यंत्रे बंद असतात. भंडारा-गोंदियाकडे भात गिरणी, यवतमाळ-वर्ध्याकडे जिनिंग. रात्री उघडा असणारा ढाबाही चांगला, फक्त भट्टीजवळचे सॉकेट टाळावे. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, घर जितके लांब तितका व्होल्टेज कमी, हे कायम लक्षात ठेवावे.

वावरातल्या विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नये. तिथे थ्री फेज लाईन काही तासच आणि पाळीने येते. बऱ्याच ठिकाणी न्यूट्रल नसतो, मग कोणी एक फेज आणि जमिनीत ठोकलेला गज वापरून दिवा लावतो. तसल्या जुगाडावर चार्जर चालणार नाही. चाललाच तर गजाभोवतीच्या जमिनीत वीज उतरते आणि अनवाणी माणसाचा किंवा बैलाचा जीव जाऊ शकतो. शिवाय शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंड शेतकऱ्याच्या नावावर निघतो. आकडा टाकण्याचा तर विचारही नको.

सौर पंपाचे पॅनेल दिसले की अनेकांना वाटते, सूर्याची वीज आहेच, लावू गाडी. नाही चालत. पंपाचा कंट्रोलर उन्हाप्रमाणे फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलत मोटर फिरवतो. चार्जरला ५० हर्ट्झची स्थिर सिंगल फेज लागते. जोडले तर चार्जर सुरू होणार नाही किंवा जळेल, आणि शेतकऱ्याचा कंट्रोलरही बिघडू शकतो.

रात्रीचे चार्जिंग, क्रमाने

१. चार्जर लावण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजावे. २०० ते २४० व्होल्ट असेल तर ठीक. फेज ते अर्थ हा आकडा जवळजवळ तेवढाच आणि न्यूट्रल ते अर्थ पाचच्या आत असावा.

२. सॉकेट टेस्टर लावून फेज आणि न्यूट्रल उलटे नाहीत ना ते पाहावे. खेड्यात हा दोष फार आढळतो आणि काही चार्जर त्यावर लाल दिवा दाखवून थांबतात. सॉकेटमधल्या तारा बदलणे हे मेन स्विच बंद करून वायरमनने करायचे काम.

३. सुरुवात ८ अँपिअरने करावी. दहा मिनिटांनी पुन्हा व्होल्टेज पाहावे. १९० च्या वर टिकला तर १०, मग १३. १८० च्या जवळ आला की एक टप्पा खाली यावे. चार्जर जितकी वीज ओढतो तितका लांबच्या लाईनवर व्होल्टेज पडतो, आणि फार पडला की चार्जर बंद होतो. व्होल्टेज सावरल्यावर पुन्हा सुरू, पुन्हा बंद. रात्रभर हेच चालले तर सकाळी बॅटरीत चार युनिटही नसतात. ८ अँपिअरवर अखंड चाललेला चार्जर १६ वर अडखळणाऱ्यापेक्षा जास्त भरतो.

४. पंधरा मिनिटांनी प्लग आणि सॉकेटला हात लावावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आतली पट्टी सैल आहे. सॉकेट बदलावे किंवा अँपिअर निम्मे करावे. आग लागते ती वायरीच्या मधोमध कमी, सैल सॉकेटमध्ये जास्त.

५. शक्यतो रात्री अकरानंतर सुरू करावे. संध्याकाळी सात ते दहा सगळे गाव लाईनवर असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दिवसभर चाललेली गाडी दोन-तीन तास सावलीत निवू द्यावी. तापलेली बॅटरी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते.

१० अँपिअर आणि २०० व्होल्ट म्हणजे २ किलोवॅट. बॅटरीपर्यंत पोचतात तासाला पावणेदोन युनिट. २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला दहा तास. एका रात्रीत ते बसत नसेल तर त्याच गावात दोन रात्री मुक्काम ठरवावा, आणि मधल्या दिवशी गाडी न हलवता पायी फिरावे.

लाल दिवा लागून ‘अर्थ नाही’ असे चार्जर सांगत असेल तर त्याला फसवून चालू करणारे प्लग वापरू नयेत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि कोरडी पडते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंगही मेमध्ये कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. मुरमाड डोंगरावर हा उपाय कमी लागू पडतो. तिथे दुसरे सॉकेट शोधलेले बरे.

पैसे देताना हात आखडू नये. घरगुती वीजदर पहिल्या १०० युनिटपर्यंत कमी असतो, पुढे बराच वाढतो. गाडीच्या एका पूर्ण चार्जिंगला लाईनवरून २० युनिटपेक्षा जास्त जातात. आपल्यामुळे यजमानाचे बिल वरच्या टप्प्यात गेले तर तो भुर्दंड त्याने का सोसावा? सब-मीटरचा आकडा दाखवून वरच्या दराने पैसे द्यावेत.

सौर पॅनेल आणि जनरेटर

५५० वॅटचे एक पॅनेल गाडीच्या टपावर आडवे ठेवले तर विदर्भातल्या चांगल्या उन्हात दिवसाला सव्वादोन युनिट देते. गरमी जास्त तितकी वीज जास्त हा समज खरा नाही. पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. दोन पॅनेलचे साडेचार युनिट म्हणजे वीस-बावीस किमी. पण ते थेट गाडीला देता येत नाहीत, कारण चार्जर ६ अँपिअरच्या खाली, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅटच्या खाली चालत नाही. मध्ये ५ युनिटची वेगळी बॅटरी आणि ३ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाईनसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर लागतो, त्यात पाव भाग वीज वाया जाते आणि वजन वाढते ते वेगळेच. त्यामुळे पॅनेल मुक्कामासाठी ठेवावे. दिवे, डीसी पंखा, फोन आणि ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज एका पॅनेलवर आणि छोट्या पॉवर स्टेशनवर (सोबत नेता येणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर) आरामात चालतो. स्वयंपाक गॅसवरच.

हे सगळे गाडीच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर कधीही चालवू नये. ती उतरली की मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही गाडी सुरू होत नाही. जंप वायर त्यासाठीच.

जनरेटर फक्त अडीअडचणीला. लहान पेट्रोल जनरेटर लिटरमागे दीड ते दोन युनिट देतो, म्हणजे आठ-दहा किमी. घ्यायचाच तर ३ केव्हीएचा इन्व्हर्टर प्रकारचा घ्यावा आणि चार्जर ८ अँपिअरवर ठेवावा. अशा जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, म्हणून चार्जर अर्थ नसल्याचे सांगून थांबतो. न्यूट्रल-अर्थ जोडणीचा प्लग जाणत्या वायरमनकडून निघण्याआधीच करून घ्यावा आणि तो प्लग घराच्या लाईनवर कधीही लावू नये. जनरेटर तंबूपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जाणवतही नाही. व्याघ्र प्रकल्पात जनरेटर लावायचा तर आधी वनखात्याला विचारावे. मुक्कामही सेमाडोह-कोलकाससारख्या परवानगीच्या जागीच करावा.

पाऊस, विजा आणि टोचन

आकाशात गडगडाट सुरू झाला की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. चार्जरची पेटी जमिनीवर न ठेवता टांगावी. चार्जिंग गनची, म्हणजे गाडीत लावायच्या टोकाची, टोपी कायम लावलेली असावी. उघड्या भोकात कुंभारमाशी दोन दिवसांत मातीचे घर करते आणि पिना नीट बसत नाहीत. ओल्या पांदण रस्त्यावर वीज दीडपट लागते असे धरावे. पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद होतो, तेव्हा परतीची वीज बॅटरीत नसेल तर त्या हंगामात तिकडे जाऊ नये.

बॅटरी २५ टक्क्यांवर आली की पुढचा विचार सोडून जवळचे गाव गाठावे. गाडी वाटेत थांबलीच तर ट्रॅक्टरने टोचन करून लांब ओढू नये. मागची चाके फिरली की त्यांच्यासोबत मोटर फिरते, वीज तयार होते आणि कंट्रोलर जळू शकतो. चिखलातून बाहेर काढण्यापुरते, न्यूट्रलमध्ये, चालण्याच्या वेगाने ओढावे. त्यापुढे मागची चाके उचलून किंवा गाडी दुसऱ्या ट्रकवर चढवूनच न्यावी. परतवाड्यातल्या अशा ट्रकवाल्याचा नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवावा, कारण घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही.