‘थोल’ हे स्कॉट्स क्रियापद कसे वाचावे आणि मराठीत कसे आणावे

सातारा-सांगलीकडे इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांची स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या ‘थोल’ (सोसणे) या क्रियापदाशी गाठ पडते ती बहुधा स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या उंदरावरील कवितेत. १७८५ सालच्या या कवितेत नांगराच्या फाळाने उंदराचे घर मोडते आणि हिवाळ्यातला बोचरा पाऊस व गारठा उघड्यावर ‘थोल’ करण्यावाचून त्या जिवाला गत्यंतर उरत नाही. येथे साधा इंग्रजी शब्दकोश उघडल्यास होडीच्या काठावरची वल्हे अडकवण्याची खुंटी असा अर्थ हाती लागण्याचा संभव आहे. तो शब्द अगदी निराळा. म्हणून ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा इंटरनेटवर विनामूल्य मिळणारा कोश पाहावा. त्यात १७०० पर्यंतच्या आणि त्यानंतरच्या स्कॉट्स भाषेचे दोन मोठे कोश एकत्र केलेले आहेत. नोंदीतला अर्थ वाचून न थांबता खालची अवतरणेही वाचावीत, कारण काय ‘थोल’ केले जाते, हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द निवडता येत नाही.

उच्चारातला ‘थ’ आपल्या ‘थंडी’तला नव्हे, जिभेचे टोक दातांना हलके टेकवून हवा घासत बाहेर सोडावी. ‘ओ’ मात्र मराठीसारखाच सरळ असून शेवटी ‘उ’कडे वळत नाही, त्यामुळे तो मराठी माणसाला लंडनकरापेक्षा लवकर साधतो. भूतकाळाचे रूप ‘थोल्ड’ किंवा ‘थोल्ट’ असे होते.

मूळ अर्थ आहे न मोडता सोसणे. थंडी, दुखणे, टंचाई, अपमान यांपैकी काहीही कर्म म्हणून येऊ शकते आणि अशा ठिकाणी ‘सोसणे’ चपखल बसते. माण-खटावकडची म्हातारी माणसे ‘लई दुष्काळ सोसला’ म्हणतात, त्यात तक्रारीइतकाच टिकून राहिल्याचा ताठाही असतो, आणि ‘थोल’मध्येही नेमका तोच असतो. केवळ ‘सहन करणे’ लिहिले तर अर्थ चुकत नाही, परंतु तो ताठा निघून जातो. कर्म नसेल तेव्हा मात्र वेगळा विचार करावा. जो ‘थोल’ करतो तो शेवटी जिंकतो, अशा आशयाची एक स्कॉटिश म्हण आहे. तेथे ‘सोसणे’ अपुरे वाटते, कारण ऐकणारा लगेच ‘काय सोसतो?’ असे विचारील. आपल्याकडचे ‘जरा कळ काढ की’ यातले ‘कळ काढणे’ तेथे कर्माशिवाय सहज उभे राहते.

नकारार्थी वापर रोजच्या बोलण्यात फार आढळतो. ‘आय कॅने थोल हिम’ (‘कॅने’ म्हणजे ‘कॅनॉट’) या वाक्यात सामर्थ्य दाखवणारे वेगळे सहायक क्रियापद आहे, पण मराठीत ते काम शक्य क्रियापद करते: ‘थंडी सोसवत नाही’, ‘त्याचा जाच आता माझ्याने सोसवत नाही’. कर्म माणूसच असेल, तर ‘मी त्याला सोसू शकत नाही’ असे ओढूनताणून लिहू नये. ‘मला त्याचे तोंड बघवत नाही’ हे खरे मराठी. ‘भोगणे’ मात्र येथे टाळावे. नशिबी आलेले भोग भोगण्यासाठी स्कॉट्समध्ये ‘ड्री’ हे वेगळे क्रियापद आहे, आणि त्याच्यासाठी ‘भोगणे’ राखून ठेवलेले बरे.

व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘थोल’ जुन्या इंग्रजीतून आले आहे आणि त्याच्यामागे उचलणे, पेलणे या अर्थाचा जो आदिम धातू मानला जातो, त्याच्यापासूनच संस्कृत ‘तुला’ आली. त्या हिशेबाने सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलणारे तोलाईदार या क्रियापदाचे दूरचे सोयरे ठरतात. भाषांतरात मात्र ‘तोलणे’ वापरू नये, कारण मराठीत त्याचा रोख वजनाकडे वळलेला आहे.

कायद्याच्या मजकुरात हे क्रियापद दिसले, तर वरचे सर्व बाजूला ठेवावे. ज्याच्यावरील खटला पूर्ण होऊन निकाल लागला आहे, त्याने आपला ‘असाइझ’ (म्हणजे खटला) ‘थोल’ केला, असे स्कॉटलंडच्या कायद्याची भाषा म्हणते, आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालत नाही. २०११ च्या कायद्याने हे तत्त्व काही अपवादांसह लेखी स्वरूपात मांडले. आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद २०(२) याच जातकुळीचा असला, तरी तो खटल्याबरोबर शिक्षाही झालेली असण्याची अट घालतो. म्हणून येथे ‘सोसणे’ न वापरता ‘एकदा खटल्याला सामोरे जाऊन निकाल लागलेला’ असे सरळ लिहावे.