दहा बाय बाराच्या खोलीत अकॉस्टिक पॅनल कुठे आणि कसे लावायचे

आपल्या फ्लॅटमधली खोली म्हणजे खाली टाइल्स, चारी बाजूंनी प्लास्टरच्या भिंती, त्यामुळे स्पीकर कितीही भारी आणा, तबल्याची थाप भिंतीवर आपटून परत येते आणि सगळा गिचका होतो. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा, मागोमाग झर्रर्र असं ऐकू आलं तर अकॉस्टिक पॅनलची, म्हणजे आवाज शोषून घेणाऱ्या फळ्यांची, गरज आहेच.

घेताना जाडी बघा, डिझाइन नंतर. एक इंची फोम अजिबात घेऊ नका, तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज गिळतो, झांजेची चमक जाते आणि खालची घुमघुम तशीच राहते. अंड्याचे ट्रे तर नकोच. रॉकवूलची (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंची) 48 किंवा 64 डेन्सिटीची, म्हणजे घनमीटरला तेवढे किलो वजनाची, 2 इंची स्लॅब आणायची, सुताराकडून लाकडी फ्रेम करून घ्यायची आणि वर कापड ताणायचं. कापडाला तोंड लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तरच घ्या, रेक्झिन चालणार नाही. स्लॅब कापताना मास्क, ग्लोव्हज आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, फार खाज येते.

आता जागा. तुम्ही नेहमीच्या खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा धरून हळूहळू सरकायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे खडूने खूण करा, दोन्ही भिंतींवर, दोन्ही स्पीकरसाठी. पहिले पॅनल तिथेच, आणि भिंतीला चिकटवून नाही तर मागे 2 इंच मोकळे सोडून, त्याने थोडा खालचा आवाजही पकडला जातो आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा कापडाला बुरशी लागायची भीतीही कमी.

खरी मेहनत कोपऱ्यांवर घ्या, बास, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, तिथे सगळ्यात जास्त साठतो. 10 फूट रुंदीत 56 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, बास गिटारची मोकळी ए तार 55 ला असते, म्हणजे तो एकच सूर सगळ्या गाण्यावर बसतो. म्हणून कोपऱ्यात दोन स्लॅब एकत्र करून 4 इंची पॅनल तिरका उभा करा, शक्यतो जमिनीपासून छतापर्यंत. एवढ्याने 56 ची घुम पूर्ण जाणार नाही, खुर्ची फूटभर पुढेमागे करून बघा, त्याने खूप फरक पडतो.

शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून हे लावत असाल तर थांबा, पॅनलने आवाज भिंतीपलीकडे जायचा थांबत नाही.