गाडीत गाणाऱ्याचा आवाज हरवलाय? डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडायच्या आधी एवढी तयारी करा

मित्राच्या गाडीत मागे सबवूफर आहे, पुढे दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वेगवेगळे असलेला), बेस दणकून येतोय, झांजा खणखणीत, पण गाणारा माणूस जणू शेजारच्या खोलीत दार लावून बसलाय. तो पुढची जोडी नवीन घ्यायला निघाला होता, मी म्हटलं थांब जरा, आधी सीटवर बसूनच बघू, कारण माणसाचा आवाज, हार्मोनियम, गिटार हे सगळं साधारण ३०० हर्ट्झ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येतं आणि तो पट्टा स्पीकर चांगले असतानाही गायब होऊ शकतो.

तर सगळ्यात आधी ऐकायला काय घ्यायचं ते ठरवा. रोजच्या ऐकण्यातलं, तोंडपाठ असलेलं एक गाणं, एक जुनं मोनो रेकॉर्डिंग, आणि रेडिओवरच्या बातम्या, कारण नुसता बोलण्याचा आवाज कधी खोटं सांगत नाही. फोनमध्ये टोन जनरेटरचं अ‍ॅप टाकून ठेवा, १००, ५००, १००० आणि ३००० हर्ट्झचे टोन पुरेत, पण व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा हं, सलग टोन जोरात वाजवला तर ट्वीटरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जळते.

मग डेकची, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमची सेटिंग्ज. इक्वलायझर फ्लॅट, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल) मधोमध. आधी जे होतं त्याचा फोटो काढून ठेवा. हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारा) किती हर्ट्झवर आहे बघा, आणि काही डेकमध्ये स्टँडर्ड आणि नेटवर्क असे दोन मोड असतात, नेटवर्क चुकून चालू असेल तर प्रत्येक चॅनलला आवाजाचा वेगळा पट्टा जातो आणि साध्या जोडणीत मधला भाग अर्धामुर्धा होतो. वेगळा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर त्याच्या पुढच्या चॅनलचा स्विच लोपासवर (फक्त खालचा आवाज सोडणाऱ्या फिल्टरवर) सरकलेला नाही ना ते टॉर्च घेऊन बघाच, ८० हर्ट्झच्या लोपासमधून बोलण्याचा आवाज येणार तरी कसा.

ऑक्सची केबल (फोन डेकला जोडणारी) वापरत असाल तर एक जादाची केबल जवळ ठेवा. पिन अर्धवट बसली किंवा ग्राउंड सुटलं की डाव्या आणि उजव्या चॅनलमधला फक्त फरक ऐकू येतो, म्हणजे मधोमध रेकॉर्ड केलेला गायक पुसला जातो आणि मोनो रेकॉर्डिंग तर जवळपास गप्पच होतं, म्हणून ते मोनो घ्यायला सांगितलं.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची टेस्ट, आणि हिला एक रुपया लागत नाही. डेकमधला बॅलन्स (डाव्या-उजव्या बाजूचा तोल) पूर्ण डावीकडे न्या, ऐका, पूर्ण उजवीकडे न्या, ऐका, मग मध्ये आणा. एकेकटी बाजू भरदार वाटते आणि दोन्ही एकत्र आल्या की आवाज पोकळ होतो, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट लागल्यात, एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. मित्राच्या गाडीत हेच निघालं, दारातला बेसही त्यामुळे गेलेला होता पण मागच्या सबवूफरमुळे कळत नव्हतं.

हे सगळं करूनही नाही सापडलं तरच उघडायचं. त्यासाठी मल्टिमीटर, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, प्लास्टिकची पट्टी (स्क्रू ड्रायव्हरने पॅडवर ओरखडे पडतात), स्टार स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, आणि चार-पाच जादा क्लिपा आधीच आणून ठेवा, जुन्या क्लिपा हमखास तुटतात. बॅटरीचा मायनस काढा. पिवळा कपलर (वायरींचा जोड) दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावू नका.

आधी डेकच्या मागचा कपलर काढून तिथूनच मोजा, बाहेरून घेऊन बसवलेल्या डेकच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बहुतेक पांढरी वायर पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, काळी रेघ असलेली मायनस. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ३.७ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली किंवा वायर तुटली, आणि मीटर लावलेलाच ठेवून कुणाला तरी दार हळूहळू उघड-बंद करायला सांगा, आकडा उड्या मारू लागला तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतून तुटलीय. अ‍ॅम्प असेल तर हेच मोजमाप अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर करा.

स्पीकर हातात आला की सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे, ट्वीटरवर मात्र हे करू नका. पडदा दोन्ही अंगठ्यांनी समान दाबून बघा, खरखर लागली तर कॉइल घासतेय. क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या) डबीवर इनपुट, वूफर, ट्वीटर अशी नावं असतात, ती वायरींशी ताडून घ्या. आपल्याकडच्या पावसात दारात पाणी उतरतंच, ते आतल्या प्लास्टिकच्या शीटने अडतं, ती फाटलेली असेल तर कागदी पडदा भिजून मऊ पडतो, तेव्हा शीट नीट चिकटवल्याशिवाय नवा स्पीकर बसवू नका.

आणि क्लिपा ठोकायच्या आधी सगळे कपलर लावून, बॅटरी जोडून एकदा बातम्या लावा, आवाज डॅशबोर्डच्या मधोमध आला की मगच पॅड दाबा.