व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट आला, आता काय करावे?

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली व्हिटॅमिन डी असतेच. सोलापूरचे ऊन एवढे, तरी आकडा कमी येतो आणि घरात कुणीतरी म्हणते, "डी कमी असलं की माणूस लवकर जातो म्हणे." घाबरण्याआधी रिपोर्ट नीट वाचा.

आधी चाचणीचे नाव बघा. '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' हीच शरीरातला साठा दाखवते. तिला उपाशीपोटी जावे लागत नाही. मग एकक बघा. आपल्या लॅब बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आकडा देतात. परदेशी तक्त्यात नॅनोमोल प्रति लिटर असेल तर आपला आकडा अडीचने गुणा, म्हणजे २० चे ५० होतात.

नॅनोग्रॅमच्या हिशेबात १२ च्या खाली खरी कमतरता. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरते. रिपोर्टवर मात्र ३० च्या खाली 'अपुरे' छापलेले असते. ही ३० ची रेघ अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ओढली आणि २०२४ मध्ये स्वतःच मागे घेतली. निरोगी माणसांनी सरसकट ही चाचणी करू नये, असेही तेव्हा सांगितले. त्यामुळे २४ आकडा आला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

आता आयुष्याचा प्रश्न. डी कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त, हे मोठ्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे. पण आजारी माणूस उन्हात जात नाही, लठ्ठपणात डी चरबीत अडकते, अंगात आतून सूज (इन्फ्लमेशन) असली तरी आकडा घसरतो. म्हणजे कमी आकडा पुष्कळदा ढासळलेल्या तब्येतीची खूण असतो, कारण नव्हे. ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१,३१५ जणांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना पाच वर्षे दरमहा ६०,००० युनिट डी दिले, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्या मेडिकलमधल्या पुडीतही तेवढेच ६०,००० युनिट असतात! अर्थात त्या परीक्षेतले बहुतेक लोक फार कमतरतेचे नव्हते. १२ च्या खालच्याने ही बातमी वाचून औषध टाळू नये.

पुडी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर जेवणानंतर किंवा दुधातून घ्या. एक गोष्ट चिठ्ठीवर दोनदा वाचा: आठवड्यातून एकदा की महिन्यातून एकदा. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, किडनी बिघडते. कोर्स संपल्यावर 'बरं वाटतंय' म्हणून परस्पर वाढवू नका.

उन्हाचे म्हणाल तर पहाटे सिद्धेश्वर तलावावर चालून डी मिळत नाही. तब्येतीला चालणे उत्तमच, पण कोवळ्या उन्हात लागणारे किरण जवळजवळ नसतात. साधा नियम असा, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचे. सोलापुरात मे महिन्यात हे साडेनवालाच होते, डिसेंबरात मात्र साधारण सव्वाअकरा ते दीड एवढीच वेळ. हात, पाय, मान उघडी ठेवून थोडा वेळ, आठवड्यातून काही दिवस. कातडी लाल होईपर्यंत नको, आणि मे महिन्यात दुपारी तर मुळीच नको. यंत्रमागावर दिवसभर छताखाली असणाऱ्यांनी आणि घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांनी हे मुद्दाम जमवावे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन धरू नका, काच ते किरण अडवते.

शेजारीच बी-१२ चा आकडा असतो, तोही बघा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीत बी-१२ नाही. दूध, दही, अंडी, मांस-मासळीत आहे. शुगरसाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांशी बोलून बी-१२ तपासून घ्या. आणि कुठलीही गोळी, इंजेक्शन न घेता तो फारच जास्त आला, तर 'चांगलं झालं' म्हणून सोडू नका. यकृताच्या किंवा रक्ताच्या काही आजारांतही तो चढतो.