एकत्र वेब पाहण्याचं छोटं स्टार्टअप: उभं कसं करायचं आणि नीट बंद कसं करायचं

एखादं पान वाचताना मित्रानं त्याच पानावर काय लिहून ठेवलंय ते दिसावं, गटानं मिळून लिंका जमवाव्यात, ही कल्पना जुनी आहे आणि दर काही वर्षांनी कुणाला तरी नव्यानं सुचते. नवी पानं सुचवणारं स्टम्बलअपॉन २००१ मध्ये सुरू झालं, २००७ मध्ये ईबेनं ते साडेसात कोटी डॉलरला घेतलं आणि ३० जून २०१८ ला ते बंद झालं. पानाशेजारी टिपा लिहू देणारं गूगलचं साइडविकी २००९ मध्ये आलं, २०११ च्या अखेरीस गेलं. फ्लॉक हा सोशल ब्राउझर २०११ मध्ये थांबला. रॉकमेल्ट हा तसाच ब्राउझर २०१३ च्या ऑगस्टमध्ये याहूनं विकत घेतला आणि त्याच महिन्यात बंद केला. यांच्यापैकी कुणाकडेच पैशांची किंवा हुशार माणसांची वानवा नव्हती. म्हणून हे काम हाती घेणाऱ्यानं बंद करण्याचा आराखडा पहिल्याच आठवड्यात मांडून ठेवावा. माहिती किती साठवायची, परवानग्या किती मागायच्या, पैसे महिन्याचे घ्यायचे की वर्षाचे, हे सगळे निर्णय सुरुवातीला होतात आणि त्यांची किंमत शेवटी चुकवावी लागते.

आधी माणसांचं गणित

पहिली अडचण कोडची नसतेच. वेब अफाट आहे. तुमची हजार माणसं दिवसभर पानं उघडत राहिली तरी त्यातली दोघं एकाच वेळी एकाच पानावर भेटणं दुर्मीळ. नवा माणूस एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकतो, दहा पानं फिरतो, कुठेच कुणी दिसत नाही आणि तो ते काढून टाकतो. ‘सगळ्या जगासाठी खुल्या टिपा’ ही रचना इथेच मार खाते, शिवाय अनोळखी लोकांची शिवीगाळ आवरण्याचं काम अंगावर येतं ते वेगळंच.

त्यापेक्षा ५ ते १५ जणांचे बंद गट करा. त्यांचं वाचन मुळातच सामायिक हवं: एमपीएससीचा अभ्यासगट, भाषांतरकारांचा चमू, एकाच विषयावर काम करणारे संशोधक विद्यार्थी. टिपा अशा ठेवा की आज लिहिलेली टीप दुसऱ्याला चार दिवसांनी त्या पानावर गेल्यावर दिसेल. ‘आत्ता कोण हजर आहे’ हे दाखवणं नंतर जोडता येतं. बहुतेक गटांना त्याची गरज पडत नाही.

ब्राउझर नको, एक्स्टेन्शन करा

स्वतःचा ब्राउझर बांधायला जाऊ नका. क्रोमियममध्ये (क्रोमचा खुला पाया, ज्यावर असे ब्राउझर बांधतात) सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत राहतात आणि त्या वेळेवर आपल्या आवृत्तीत ओढून घेणं हेच एका छोट्या चमूचं पूर्णवेळ काम होऊन बसतं. क्रोम वेब स्टोअरवर खातं उघडायला एकदाच ५ डॉलर लागतात, फायरफॉक्सला तेही नाहीत. मात्र फायरफॉक्सला आटवलेला (मिनिफाय केलेला, माणसाला वाचायला अवघड) कोड दिलात तर मूळ सोर्सही सोबत द्यावा लागतो.

परवानग्यांत हात आखडता ठेवा. ‘सगळ्या वेबसाइट वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागितली की इन्स्टॉल करताना भीती वाटेल असा इशारा येतो आणि स्टोअरची तपासणीही लांबते. अ‍ॅक्टिव्हटॅब परवानगीवर सुरुवात करा: माणसानं बटण दाबलं तरच त्या टॅबपुरता प्रवेश मिळतो. एखाद्या गटाला ठरावीक साइटवर टिपा आपोआप दिसायला हव्या असतील तर त्या साइटपुरती ऐच्छिक परवानगी नंतर मागा. इशारा वाढेल अशी नवी सक्तीची परवानगी अपडेटमधून घातली तर वापरणाऱ्यानं पुन्हा संमती देईपर्यंत क्रोम एक्स्टेन्शन बंद करून ठेवतो, आणि अशा वेळी बरीच माणसं कायमची गळतात.

मॅनिफेस्ट व्ही३ या क्रोम एक्स्टेन्शनांच्या सध्याच्या रचनेत सर्व्हिस वर्कर, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा भाग, ३० सेकंद रिकामा राहिला की झोपतो. मेमरीत ठेवलेली कुठलीही गोष्ट त्याबरोबर जाते. लॉगिनची स्थिती, अर्धवट लिहिलेली टीप, सगळं लगेच स्टोरेजमध्ये लिहा. हजेरी दाखवण्यासाठी वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) वापरत असाल तर क्रोम ११६ पासून त्यावरच्या निरोपांनी वर्कर जागा राहतो. दर २० सेकंदांनी छोटा निरोप पाठवा आणि सर्व्हरवर ६० सेकंद काही आलं नाही तर माणूस गेला असं समजा.

टिपांची पट्टी पानावर घुसवायची असेल तर शॅडो डॉममध्ये (पानाच्या शैलीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) घुसवा. तरीही ओळीची उंची आणि फॉन्ट वारशानं आत येतातच. इंग्रजी साइटवर ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.१ पट असली की आपल्या टिपेतल्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात. सगळ्यात बाहेरच्या घटकावर सगळे गुणधर्म मूळपदावर आणा आणि देवनागरीसाठी ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवा. शासन निर्णय वाचणाऱ्या गटांसाठी आणखी एक अडचण: ते पीडीएफ असतात आणि क्रोमच्या पीडीएफ दर्शकात आपली स्क्रिप्ट चालत नाही. तिथे क्रोम ११४ पासून मिळणारं साइड पॅनेल (पानाशेजारची एक्स्टेन्शनची वेगळी चौकट) हाच सरळ मार्ग. आमच्या मते पहिल्या दिवसापासून साइड पॅनेलच वापरावं.

पान ओळखणं: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

एकाच बातमीचे दहा पत्ते असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्याला शेपूट (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) वेगळं, फेसबुकवरून आलेल्याला एफबीसीएलआयडी हा माग ठेवणारा घटक चिकटलेला, मोबाइलचा पत्ता आणखी वेगळा. दोघांना एकच पान वेगळं वाटलं तर एकाची टीप दुसऱ्याला दिसणारच नाही, आणि तक्रार येईल ‘टिपा गायब होतात’ अशी.

पत्ता पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच स्वच्छ करा. यूटीएमनं सुरू होणारे, एफबीसीएलआयडी आणि जीसीएलआयडी हे माग ठेवणारे घटक काढा, होस्टचं (साइटचं) नाव लहान अक्षरांत आणा, उरलेले घटक वर्णानुक्रमे लावा. सरसकट सगळी शेपटं छाटू नका. यूट्यूबवर ‘व्ही’ हा घटक म्हणजेच व्हिडिओ. पानानं स्वतः कॅनॉनिकल (अधिकृत) पत्ता दिला असेल तर तो घ्या, पण होस्ट तोच असेल तरच. काही साइट प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल पत्ता मुखपृष्ठाचा देतात, आणि मग साऱ्या साइटवरच्या टिपा एकाच ठिकाणी गोळा होतात.

मराठी पत्त्यांकडे खास लक्ष द्या. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि टक्केचिन्हांच्या लिपीत ९ अक्षरं होतं. ‘मराठी’ हा एकच शब्द पत्त्यात ४५ अक्षरांचा होतो, म्हणून डेटाबेसमध्ये २५५ अक्षरांची मर्यादा मराठी मथळ्याला पुरत नाही. दुसरं म्हणजे ‘दुसऱ्या’सारखे शब्द. यातला ‘ऱ’ एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिलेला असतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. एनएफसी सामान्यीकरणानं (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या रीती एक करणारी युनिकोडची पद्धत) हे दोन एक होतात. पण जुन्या कीबोर्डवरून तोच शब्द ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह वापरून आलेला असेल तर एनएफसी त्याला हात लावत नाही. टिपांमधल्या शोधासाठी ती बदली स्वतः लिहावी लागते. पत्त्यात मात्र ती करू नका, कारण साइटच्या दृष्टीनं ते दोन वेगळे पत्ते असू शकतात.

काय साठवायचं नाही

माणसानं टीप लिहिलेल्या पानाचाच पत्ता साठवा, भेट दिलेल्या प्रत्येक पानाचा कधीही नाही. ‘इथे टिपा आहेत का’ हे विचारताना पूर्ण पत्ता सर्व्हरला देऊ नका: त्याचा एसएचए-२५६ हॅश (पत्त्यावरून काढलेला, उलट न वाचता येणारा ठसा) काढा, पहिले ४ बाइट पाठवा, जुळणाऱ्या सगळ्यांची यादी मागवा आणि अंतिम जुळणी ब्राउझरमध्ये करा. बँक, ईमेल, डिजिलॉकर, रुग्णालयांची पोर्टलं आणि गुप्त मोड इथे एक्स्टेन्शन गप्पच राहायला हवं. पासवर्ड बदलण्याच्या लिंकेत चावी पत्त्यातच असते. अशी एक लिंक गटात पसरली तरी खातं गेलं.

लिंकेचं चित्र आणि मथळा सर्व्हरवरून आणत असाल तर अंतर्गत पत्ते आधी अडवा. कुणीतरी १६९.२५४.१६९.२५४ (क्लाउडमधल्या सर्व्हरला स्वतःची माहिती देणारा अंतर्गत पत्ता) हा लिंक म्हणून टाकतो आणि तुमचा सर्व्हर क्लाउडच्या चाव्या वाचून दाखवतो. साइटच्या नावावरून मिळालेला आयपी (आकडी पत्ता) तपासा आणि प्रत्येक पुनर्निर्देशनानंतर तो पुन्हा तपासा.

एवढं पाळलं तर पसारा लहान राहतो. एक टीप १ किलोबाइट धरली तरी १ लाख टिपांचे १०० मेगाबाइट होतात. एक साधा सर्व्हर, पोस्टग्रेस डेटाबेस आणि रोजचा बॅकअप पुरतो.

कंपनी, पैसे आणि नियम

बाहेरचे गुंतवणूकदार लगेच येणार नसतील तर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करा. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर तिला ऑडिट सक्तीचं नाही आणि बंद करणंही सोपं. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या दिवसापासून ऑडिटर लागतो, आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याची घोषणा) भरावा लागतो.

लोकांचा मजकूर तुमच्यामार्फत दुसऱ्यांना दिसतो म्हणजे तुम्ही २०२१ च्या आयटी नियमांतले मध्यस्थ आहात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. निकाली काढण्याच्या मुदतींसाठी नियमांचा सध्या लागू असलेला मजकूरच वाचा. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि घुसखोरी झाल्यास ६ तासांत कळवायचं.

पैसे महिन्याचे घ्या. वर्षाची आगाऊ रक्कम गोड वाटते, पण बंद करताना तेच देणं होतं आणि तोवर ती रक्कम पगारात गेलेली असते.

थांबायचं कधी

इन्स्टॉलचा आकडा बघू नका. आठवड्यात किमान दोन वेगवेगळ्या माणसांनी टीप लिहिली असे गट किती, हे मोजा. ही संख्या सलग दोन तिमाही हलली नाही आणि पैसेही संपत आले तर थांबा. सहा महिन्यांचा सर्व्हरखर्च, सगळे परतावे, थकीत पगार, सीएची फी आणि सरकारी शुल्क यांची बेरीज करा आणि बँकेतली रक्कम तिच्याखाली जाऊ देऊ नका. त्याखाली गेलेल्या कंपनीला नीट बंद होणंही परवडत नाही.

लोकांसाठी बंद करणं: ९० दिवस

पहिल्या दिवशी नवी नोंदणी आणि वसुली थांबवा, यूपीआय ऑटोपेचे मँडेट स्वतः रद्द करा. ईमेल, साइड पॅनेल आणि संकेतस्थळ या तिन्ही ठिकाणी एकच तारीख लिहा. ‘लवकरच’ हा शब्द टाळा. ३० व्या दिवसापासून नवीन टिपा बंद, वाचन चालू. ९० व्या दिवशी सगळं बंद.

निर्यात दोन रूपांत द्या. लिंकांसाठी नेटस्केप बुकमार्क पद्धतीची एचटीएमएल फाइल, कारण ती सगळे मोठे ब्राउझर आत घेतात, टिपांसाठी जेसन (प्रोग्रामला वाचता येणारी मजकूर फाइल). प्रत्येकाला स्वतःच्या टिपा आणि गटाच्या लिंका मिळाव्यात. दुसऱ्यांच्या टिपा मात्र लिहिणाऱ्यानं होकार दिला तरच. बंद गटात विश्वासानं लिहिलेली वाक्यं फाइल होऊन फिरू लागणं हा विश्वासघात आहे, आणि घाईत बंद करणारे नेमकं हेच करून बसतात.

स्टोअरवरून एक्स्टेन्शन मागे घेतलं तरी आधी टाकलेल्यांच्या ब्राउझरमध्ये ते तसंच राहतं. म्हणून शेवटचं अपडेट आधी सोडा: सगळ्या साइट-परवानग्या काढलेलं, निर्यातीची लिंक दाखवणारं आणि स्वतःला काढून टाकायचं बटण असलेलं. क्रोममध्ये एक्स्टेन्शननं स्वतःला काढण्याच्या अनइन्स्टॉलसेल्फ या आज्ञेला वेगळी परवानगी लागत नाही. ते अपडेट पसरायला काही आठवडे द्या, मगच यादीतून काढा.

या काळात एक्स्टेन्शन विकत घ्यायला तयार असलेल्यांचे ईमेल येतील. विकू नका. द ग्रेट सस्पेंडर २०२० मध्ये दुसऱ्या हातात गेलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलनं ते मालवेअर म्हणून काढलं. घेणाऱ्याला तुमचा कोड नको असतो, लोकांनी तुम्हाला दिलेल्या परवानग्या हव्या असतात. डोमेनचंही तेच: बरेच दिवस न उघडलेल्या ब्राउझरांतल्या जुन्या प्रती पुन्हा सुरू झाल्या की त्याच पत्त्याला हाक मारत राहतात, म्हणून ते निदान ५ वर्षं आपल्याकडेच ठेवा.

टिपा आणि बॅकअप पुसा, पण नोंदणीची माहिती लगेच नाही. आयटी नियमांनुसार खातं रद्द झाल्यावर ती १८० दिवस ठेवावी लागते. वेगळी, कुलूपबंद प्रत ठेवा आणि पुसण्याची तारीख आत्ताच नोंदवा. क्लाउडवर सर्व्हर काढला तरी स्नॅपशॉट (सर्व्हरच्या जतन केलेल्या प्रती) आणि राखीव आयपीचं बिल चालूच राहतं. खातंच बंद करा.

कागदोपत्री बंद करणं

क्रम महत्त्वाचा. आधी परतावे आणि क्रेडिट नोटा, मग जीएसटी रद्द करण्याचा आरईजी-१६, त्यानंतर ३ महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरण. जीएसटी आधी रद्द केलात तर परताव्यांचा हिशेब अडकतो. व्यवसाय कर आणि गुमास्ता यांची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते. हे बहुतेक जण विसरतात आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते.

प्रायव्हेट लिमिटेडसाठी कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नोंदीतून नाव काढण्याचा एसटीके-२ अर्ज, शुल्क १०,००० रुपये. १ मे २०२३ पासून हे अर्ज मनेसरच्या सी-पेस या कंपन्या बंद करण्याचे अर्ज हाताळणाऱ्या केंद्राकडे जातात. सगळी देणी फेडलेली हवीत, बँक खातं बंद हवं, विशेष ठराव किंवा ७५ टक्के भागभांडवलाची संमती हवी. सोबत संचालकांची हमी एसटीके-३ मध्ये, प्रतिज्ञापत्र एसटीके-४ मध्ये आणि सीएनं प्रमाणित केलेला हिशेब एसटीके-८ मध्ये. हा हिशेब अर्जाच्या तारखेआधी ३० दिवसांहून जुना चालत नाही. संचालकांच्या सह्या जमवताना तो शिळा होतो आणि पुन्हा करावा लागतो.

ज्या कंपनीनं धंदा केला आहे तिनं आधीची सलग दोन आर्थिक वर्षं धंदा केलेला नसणं, हा या अर्जाचा आधार असतो. त्या काळातही एओसी-४ (वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) वेळेवर भरा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागतात. एलएलपीला एक वर्ष व्यवहार नसले की नाव काढण्यासाठी फॉर्म २४ भरता येतो. देणी फेडायला मालमत्ता विकायची असेल तर हा रस्ता बंद आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खालचं ऐच्छिक परिसमापन घ्यावं लागतं, जे बरंच महाग पडतं.

नाव काढून टाकल्यावरही संचालकांची जबाबदारी संपत नाही आणि एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) २० वर्षांपर्यंत कंपनी पुन्हा नोंदीवर आणू शकते. निदान ८ आर्थिक वर्षांचे हिशेब, परताव्यांच्या पावत्या आणि माहिती पुसल्याची नोंद दोन ठिकाणी ठेवा, आणि त्या कुठे आहेत ते प्रत्येक संचालकाला लेखी कळवा.